मी न पाहिलेले दोन पावसाळे

तुमच्या आजोबांनी अंबाजोगाईच्या आपल्या अंगणात पर्जन्यमापक बसवला होता. ते गेल्यावर त्याची वही माझ्याकडे आली. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी मोजायचं आणि मिलिमीटरचा आकडा लिहायचा. पाऊस नसेल तर शून्य. जन्मभर इंग्रजीच्या वह्या तपासल्यामुळे असेल, रकाना मोकळा राहिलेला मला बघवत नाही.

गेल्या आठवड्यात हवामानबदलावर संशोधन करणारी एक मुलगी ती वही बघायला आली. तिचं काम तिने सोपं करून सांगितलं. "आजी, संगणकाला आधी होऊन गेलेला पाऊस विचारायचा. त्याचं उत्तर अशा वह्यांशी जुळलं, तरच पुढच्या पावसाबद्दल त्याचं ऐकायचं." मग पानं उलटत म्हणाली, "एकही दिवस सुटलेला नाही! असं कुठंच मिळत नाही."

मी चहा ठेवायला म्हणून उठले आणि घरभर फिरतच राहिले. तुम्हा दोघांच्या जन्माच्या वेळी मी दोन पावसाळे तुमच्याकडे परदेशात होते. जाताना मापकाला कुलूप घातलं होतं, कुणी हात लावू नये म्हणून! तिकडून दर रविवारी शेजारच्या मेंढपाळाच्या बायकोला फोन करायचा आणि तिच्या बोलण्यावरून आकडे लिहायचे. बारीक पडला म्हणाली की पाच, मेंढरांना पाणी पाजायची दगडी डोणी भरून वाहिली म्हणाली की पन्नास.

मी कुंपणापाशी जाऊन त्या शेजारणीला विचारलं, "तेव्हा तू नीट बघून सांगत होतीस ना?"

"बाई, तुमी इचारायच्या किती, मी म्हणायची लई. लईचं काय मी माप घेऊन बसले व्हते?" ती हसत म्हणाली. "अन् आता कावून इचारता? आता पुन्हा मोजायचा हाय का त्यो पाऊस?"

घरात आले तर मुलगी पानांचे फोटो काढत होती.

"थांब," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं.

तिने मोबाइल खाली ठेवला. "रकाना रिकामा असता तरी चाललं असतं, आजी. इथं माहिती नाही, एवढं तरी कळलं असतं."

मी पासपोर्ट आणला. त्यातल्या शिक्क्यांच्या तारखा बघून मी पट्टीने दोन्ही पावसाळ्यांवर रेघा मारल्या. रेघा सरळ आल्या.

"अजून कुठले दिवस?" तिने विचारलं.

मला सांगता येईना. लग्नं, दवाखाना, माहेर. सगळीकडे एकाच शाईतले, एकाच वळणाचे आकडे. ती फोटो पुसून, वही माझ्यापाशी ठेवून गेली. नीट आठवा म्हणाली.

तेव्हापासून मी पानं पुढेमागे करते आहे. कालचा खरा आकडासुद्धा तीनदा तपासला. तुमच्या आईला विचारा, बाळंतपणं सोडून मी पावसाळ्यात आणखी कधी घराबाहेर होते. तारीख पक्की आठवत नसेल तर तसंच सांग म्हणावं. अंदाज नको.