धारूरला सांगितलेली सुवार्ता

परवा चौसाळ्याजवळ ऊसतोडीला निघालेल्या ट्रकचा धूर नाकात गेला आणि धारूरची सखूबाई आठवली. मी तेव्हा नवा पाळक होतो. ती ट्रकमध्ये भांडी चढवत होती आणि मी शेजारी उभा राहून तिला तासभर येशूची प्रीती समजावत होतो.

"तुमचं समदं खरं हाय, पास्टर," ती म्हणाली. "पण आमी सहा महिने न्हाई. सासूला दिसत न्हाई. तिला पाणी कोण आणून देईल?"

"मी प्रार्थना करतो," मी म्हणालो.

तिनं पुढचं भांडं उचलून ट्रकमध्ये चढवलं.

हातपंप माझ्याच दारात होता. आज तरुण पाळकांना सेवा शिकवताना स्वतःचाच संताप येतो. त्या संध्याकाळी चर्चमधल्या मंडळीला मी अभिमानानं सांगितलं होतं, आज एका घरात सुवार्ता पोचली.