टांगलेल्या सायबाचं कापड

माझी मावशी गोजाबाई हिच्याकडे एक कापड होतं, आणि केम ते जेऊर या पट्ट्यात त्या कापडाला मावशीपेक्षा जास्त मान होता. हे मी खोडसाळपणानं सांगत नाही, मावशी स्वतःच सांगायची.

आमच्याकडे बाळाला पहिलं कापड नवं घालत नाहीत. घरात ज्यानं सगळ्यात जास्त पावसाळे पाहिलेत, त्याचं जुनं धोतर किंवा लुगडं फाडून झबलं शिवतात. म्हाताऱ्याचं आयुष्य बाळाला लागावं, एवढीच अपेक्षा. मावशीच्या सासरी, केमला मेंढरं राखणाऱ्या ज्ञानबाच्या घरात, ही अपेक्षा काही पुरी होत नव्हती. ज्ञानबाची बायको बजाबाई हिची तीन बाळं बारशाच्या आधीच गेली. तिघांनाही ज्ञानबाच्या आजोबांच्या धोतराचं झबलं घातलं होतं. आजोबा नव्वदीचे होते आणि तिन्ही वेळा बाहेर धडधाकट बसून होते. बजाबाईनं त्यांना शेवटी जेवण वाढायचंच सोडलं म्हणतात.

मग १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, ज्ञानबाच्या माळावर विमान पडलं.

ते लढायला निघालेलं नव्हतं, सामान पोचवायला निघालं होतं. आत बुटांची खोकी आणि चार गोरे होते. तिघं जागीच गेले. चौथा हवाई छत्री घेऊन उडी मारून बाभळीत अडकला. ज्ञानबानं शेळ्यांना पाला तोडायच्या आकडीनं दोर कापले, तेव्हा तो सरळ ज्ञानबाच्या अंगावर पडला. ज्ञानबाचा खांदा जन्मभर दुखत राहिला. त्यानं त्या माणसाला बैलगाडीत घातलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, शेळीचं दूध पाजलं आणि केम स्टेशनवर नेऊन गार्डाच्या डब्यात चढवलं. गाडी हलली तेव्हा त्या माणसानं हात वर केला. त्या एका हातावर आमचं पुढचं ऐंशी वर्षांचं सगळं चाललं.

बूट गावानं वाटून घेतले. महिनाभर केमचे मेंढके माळावर लष्करी बूट घालून हिंडले. पोलीस आले त्या दिवशी सगळं गाव पुन्हा अनवाणी झालं. पोलिसांनी छत्रीही नेली. पण बजाबाईनं तिच्या कापडाचे दोन मोठे पट्टे आधीच काढून ज्वारीच्या कणगीत खाली दाबले होते. चार महिन्यांनी तिला मुलगा झाला. तिनं आजोबांच्या धोतराकडे पाहिलंसुद्धा नाही. जो आभाळातून पडला तरी मेला नाही, त्याच्यापेक्षा चिवट आयुष्य कुणाचं असणार? तिनं त्याच्या कापडाचं झबलं शिवलं.

तो मुलगा म्हणजे अभिमन्यू, माझ्या मावशीचा नवरा. तो बहात्तर वर्षं जगला आणि पेरूच्या झाडावरून पडून गेला. त्या वयात झाडावर चढू नका असं त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं, त्यामुळे कापडाला कुणी बोल लावला नाही.

तेव्हापासून ज्याचं बाळ टिकत नाही तो टांगलेल्या सायबाचं कापड मागायला यायचा. बजाबाई हातभर फाडून द्यायची, तिच्यामागं मावशी द्यायला लागली. मावशीला मोजायला सांगितलं तर ती बोटं मोडत त्रेचाळीस बाळांची नावं घेते. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात काढली, आणि या कापडाबद्दल मला पहिल्यापासून शंका होती. एकदा मावशीची पाठ वळल्यावर मी एक धागा ओढून जाळला. केस जळल्यासारखा वास आला, म्हणजे अस्सल रेशीम. शंका तेवढ्यापुरती मिटली. मावशीनं वास ओळखला आणि मला दोन वर्षं दिवाळीचा फराळ दिला नाही.

आता ऋतुजाचं सांगायला हवं. ऋतुजा ही मावशीची नात, सोलापुरात एका टॉवेल कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. तीन वर्षांपूर्वी तिला दिवस भरायच्या आधीच कळा आल्या. निरोप मिळताच मावशी कापड पदराला बांधून केम स्टेशनवर आली. गाडी साडेतीन तास लेट होती. मावशी दवाखान्यात पोचली तोवर नर्सनं बाळाला कोऱ्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं होतं. दुसऱ्या दिवशी बाळ गेलं. डॉक्टरांनी फुप्फुसांचं काहीतरी सांगितलं. मावशीनं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि त्या दिवसापासून स्वतःला दोषी धरलं. रेल्वेलाही धरलं, पण स्वतःला जास्त.

गेल्या वर्षी ऋतुजाला पुन्हा दिवस गेले. या वेळी ती सातव्या महिन्यातच केमला येऊन राहिली, कारण उरला होता तो एकच तुकडा, आणि मावशी तो आता कुठल्याही गाडीत चढवायला तयार नव्हती. मी तो मोजला होता. एक हात आणि वर चार बोटं. एकच झबलं, तेही बेतानं.

अशात प्रियदर्शनी मॅडम आल्या. त्या सोलापुरात कॉलेजात इतिहास शिकवतात, आणि युद्धकाळात आपल्या भागात पडलेल्या विमानांची यादी करतात. त्यांना कुणीतरी माझा नंबर दिला आणि मीच त्यांना मोटारसायकलवर केमला घेऊन गेलो. ही चूक माझी, मी नाकारत नाही.

त्यांच्याकडे जाड फाईल होती. म्हणाल्या, "लोकांना वाटतं ही पोरं लढाईत गेली. पण किती तरी जण शिकताना नाही तर सामान नेताना गेले. कुणाचं इंजिन बंद पडलं, कुणी धुळीत वाट चुकला. शत्रू त्यांनी डोळ्यांनी पाहिलाच नाही." मग त्यांनी एक पान काढलं. "तुमच्या माळावरचा हा. राल्फ नाव. वय एकवीस."

"व्हय व्हय," मावशी खूष होऊन म्हणाली. "आता लई म्हातारा झाला आसंल की. हाय, का गेला?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"आजी, ते चौथ्या दिवशीच गेले. लष्करी दवाखान्यात. पोटात रक्तस्राव झाला होता."

चुलीवर चहा उतू जात होता, तो मावशीनं उतरवला, गाळला आणि आम्हाला दिला. स्वतः घेतला नाही.

मॅडमनी पुढचंही सांगून टाकलं, कारण त्या त्यासाठीच आल्या होत्या. राल्फची धाकटी बहीण एडिथ इंग्लंडमध्ये अजून आहे, त्र्याण्णव वर्षांची. भाऊ गेला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. घरी फक्त तार आली. तिनं मॅडमना लिहिलेल्या पत्रात दोनच गोष्टी विचारल्या होत्या. तो पडला तेव्हा त्याच्याजवळ कुणी होतं का? आणि त्याची एखादी वस्तू कुठं उरली आहे का?

"व्हतं की," मावशी म्हणाली. "आमचा सासरा व्हता. मांडीवर घेतलं व्हतं त्येला. शेळीचं दूध पाजलं. हात वर केला त्येनं जाताना. लिव्हा हे."

मॅडमनी लिहिलं. वस्तूचा विषय आल्यावर मावशी उठून शेळ्यांकडे गेली आणि आम्ही निघेपर्यंत परत आली नाही.

पुढचे चार दिवस तिनं मला फोनवर शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी बोलावून घेतलं. मी गेलो तर कापड मांडीवर घेऊन बसली होती.

"मेल्याल्या माणसाचं कापड म्या पोरास्नी घातलं, कुमार," ती म्हणाली. "त्रेचाळीस पोरं. चवथ्या दिवशी मेल्याला."

"पोरं जगली ना, मावशे?"

"जगली. त्येच मला कळंना."

मी सांगितलं, ऋतुजाला काही बोलू नको, पोटुशी आहे, दोन महिने कळ काढ. मावशीनं माझं ऐकल्याचा इतिहास नाही. तिनं तिथल्या तिथं ऋतुजाला हाक मारली आणि सगळं सांगितलं, एडिथचं पत्र, चौथा दिवस, सगळं. ऋतुजा उभी राहून ऐकत होती. मला वाटलं आता ही रडणार. ती हळूच खाली बसली आणि म्हणाली, "मग आजी, तुझी गाडी लेट झाली म्हणून काही झालं नव्हतं."

मावशी अशी रडली की शेळ्यांनी चरायचं थांबवलं. तीन वर्षं तिनं ते रडू कुणाला दाखवलं नव्हतं. मी मोटारसायकलचं तेल बघायला बाहेर गेलो, आणि ते ठीक होतं.

परत आत आलो तेव्हा मावशीनं डोळे पुसले होते आणि कामाला लागली होती.

"ती म्हातारी किती वर्साची म्हनलास?"

"त्र्याण्णव."

"हात-पाय चालत्यात?"

मी मॅडमना फोन लावून विचारलं. एडिथबाई स्वतः बाजारात जातात. तीन मुलं, सात नातवंडं, सगळी हयात.

"मंग झालं की," मावशी म्हणाली. "तिचं जुनं लुगडं मागीव. म्हनावं आमी तुज्या भावाचं कापाड देतो, तू तुजं वापरल्यालं दे. धुतल्यालं असू दे, नवं नगं."

"मावशे, ती लुगडं नेसत नाही. आणि ती आपल्या घरातली नाही."

"तिचा भाऊ आपल्या वावरात उतरला, आपल्या शेळीचं दूध पिला. पाव्हनीच हाय. आपल्यात तिच्यापरास म्हातारं कोन हाय का, सांग."

मी घरातली सगळी माणसं मनातल्या मनात मोजली. नव्हतं कुणी.

हे इंग्रजीत कसं लिहायचं, हा मॅडमचा प्रश्न झाला. त्यांनी कसं लिहिलं माहीत नाही. कापड मी पाकिटात घातलं, पण सवयीनं आधी मोजलं. बरोबर एक हात भरलं.

"वरची चार बोटं कुठं गेली?"

"आटलं आसंल."

रेशीम पेटीत बसून आटत नाही. मी तसं बोललो नाही, कारण पुढं दिवाळी होती.

महिन्याभरात इंग्लंडहून पार्सल आलं. आत फ्लॅनेलचा एक रात्रीचा झगा होता, बारीक निळ्या फुलांचा, कोपरांवर विरलेला, धुऊन धुऊन मऊ झालेला. असला मऊपणा आमच्या कारखान्यात चाळीस वर्षांत आम्हाला आणता आला नाही. सोबत चिठ्ठी होती. मॅडमनी फोनवर वाचून सांगितली. एडिथबाईंनी लिहिलं होतं की, राल्फ एकटा नव्हता हे कळल्यावर त्या फार दिवसांनी शांत झोपल्या. झगा अकरा वर्षं वापरलेला आहे. तो कशाला हवा आहे हे नीट कळलं नाही, पण बाळासाठी आहे एवढं कळलं, तेवढं पुरे आहे.

ऋतुजा जेऊरच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. मावशी आदल्या दिवसापासून दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. नर्स कोरं फडकं घेऊन आली तेव्हा मावशीनं ते तिच्या हातातून काढून बाकावर ठेवलं आणि पिशवीतून झबलं काढलं. निळ्या फुलांचं. नर्स माझ्याकडे बघून म्हणाली, "हे काय?" मी म्हणालो, "इंग्लंडचं आहे." त्यावर तिनं काही हरकत घेतली नाही.

बाराव्या दिवशी बारसं झालं. तेव्हा मी ते झबलं पहिल्यांदा नीट पाहिलं. शिलाई मावशीची, म्हणजे वाकडी. फ्लॅनेल सायबाच्या बहिणीचं. पण पुढचे बांधायचे बंद मात्र पिवळट पांढऱ्या रेशमाचे होते, दोन दोन बोटं रुंद.

"मावशे," मी म्हणालो, "हे मेलेल्या माणसाचं आहे. तूच तर रडत होतीस."

तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि बंदांची गाठ मारली, आधी एक, मग दुसरी.

"रडत व्हते, मंग कळलं," ती म्हणाली. "एकवीसच वर्सं वापरली रं त्येनं. बाकीची सगळी तशीच हायती की."