नागपूरच्या वेब परिषदेत आमची झोळी

पाच महिन्यांचं लेकरू घेऊन नागपूरला जायचं का न्हाई, ह्यावर हिंगोलीत माझ्या नातीच्या घरी तीन दिवस खल चालला. चौथ्या दिवशी मला, माझ्या गावी शिरड शहापूरला, बोलावणं आलं. भांडण मिटवायला न्हाई, लेकरू धरायला.

नात म्हणजे वैशाली, माझ्या लेकीची लेक. पुण्याच्या एका कंपनीत वेबसाइट बनवायचं काम करायची. नवरा हिंगोलीत मास्तर. बाळंतपणाची सुट्टी संपत आली तसं तिनं साहेबांना विचारलं, हिंगोलीतून घरबसल्या काम करू का. साहेब म्हणले, तिकडं इंटरनेटची लाईन दिवसातून दहा वेळा जाते, काम कसं होईल? पण माणसानं दार पुरतं लावलं न्हाई. नागपूरच्या एका कॉलेजात वेबवाल्यांची दोन दिवसांची परिषद होती. तिथं वैशालीला वीस मिनिटं बोलायला मिळाली होती, साहेबही येणार होते. लाईन गेली तरी बंद न पडणारं पान तू बनवलं म्हणतीस, ते तिथं मला दाखव, मग बघू, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पोरीची नोकरी त्या वीस मिनिटांवर.

लेकरू बाटली तोंडात धरत न्हाई, म्हणून ते न्यायलाच पाहिजे. मास्तरांकडं शाळेची सहल. माझी लेक गुडघ्यांनी बसलेली. वैशालीची सासू म्हणली, डिसेंबरची हवा लागंल लेकराला, काहून जायचं एवढ्या लांब? बाईला हवेची फार माहिती. मी म्हणलं, "विहीणबाई, हवा हिंगोलीत पण हाय. मी जाते संगं." झालं, खल संपला.

मी शाळेत दुसरीपर्यंत गेले. पुढं केस पिकल्यावर विहारातल्या वर्गात बसून पुन्हा अक्षरं गिरवली. हे सगळं वहीत पेन्सिलीनं मी लिहिलंय, वैशालीनं तिच्या ब्लॉगवर उतरवलंय. तिला बजावलंय, माझं सुधारू नको.

हिंगोली ते नागपूर

लहान लेकरू घेऊन जाणाऱ्या बायांनी सकाळची गाडी धरावी. हिंगोली डेपोतून आमी सातला निघालो. वाशिम, कारंजा, अमरावती करत नागपूरला पोचायला संध्याकाळचे चार वाजले. चाकावरची जागा घेऊ नये, आतडी वर येतात. माझं अर्धं तिकीट लागतं. कंडक्टरनं वयाचा दाखला मागितला तर मी तोंड पुढं केलं. तो म्हणला, "राहू द्या आज्जी, बराबर हाय."

सामान थोडंच. लेकराची दुपटी, वैशालीचा लॅपटॉप, ज्वारीच्या भाकरी, तिळाची चटणी, आणि माझं जुनं मऊ लुगडं नि दोर. आमच्या तनूला, म्हणजे त्या लेकराला, झोळीशिवाय झोप न्हाई.

कनेरगाव नाक्यावर गाडी पंक्चर झाली. पाऊण तास गेला. समोरच्या ढाब्यात चूल पेटलेली होती. ढाबेवालीनं लेकरू बघितलं आणि काही न विचारता आम्हाला आत चुलीजवळ बसवलं, दुपटी शेकून दिली, वैशालीला गरम दूध दिलं. पैसे द्यायला गेले तर म्हणली, "चहाचे द्या. दूध लेकराच्या आईला हाय, ते विकत न्हाई आमी." त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. कोणी त्या रस्त्यानं गेलं तर तिच्याकडं चहा घ्या. आलं घालती, हात आखडत न्हाई.

तिथं बसून मी वैशालीला म्हणलं, ते तुझं पान लाईन गेल्यावर चालतं म्हणजे काय, मला समजंल असं सांग. तिनं हिंगोलीच्या मोंढ्यातले, म्हणजे मोठ्या बाजारातले, हळदीचे भाव दाखवणारं पान केलं होतं. मोंढ्यातला मुनीम त्यात रोजचे भाव भरतो. लाईन असली की पान लागंल तेवढं सगळं आपल्या पोटात ठेवून घेतं. लाईन गेली की पोटातलं दाखवतं, मुनीम भरंल ते धरून ठेवतं, आणि लाईन आली की आपोआप पुढं धाडतं.

मी म्हणलं, "म्हणजे शिदोरी. वाटेत ढाबा लागला तर ठीक, न्हाई लागला तर फडक्यात भाकर हाय."

पोरीनं लगेच वही काढून ते लिहून घेतलं. मला वाटलं हिशेब लिहिती.

पहिला दिवस

नागपूर मला नवं न्हाई. दसऱ्याला ट्रकमध्ये उभं राहून चार वेळा गेलेली हाय दीक्षाभूमीला. पण तेव्हा गर्दीत पाय ठेवायला जागा नसायची. ह्या वेळी कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलात खोली, खाट, गरम पाण्याची बादली. सकाळी गेटाबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तिखटानं नाक वाहायला लागलं, पण पोहे चांगले. संत्री स्वस्त, सोलून खात हिंडावं.

दारात एक पोरगी प्रत्येकाच्या गळ्यात नावाचं कार्ड अडकवत होती. मला विचारलं, आजी, तुमी कोणत्या कंपनीकडून? मी म्हणलं, मी लेकराकडून. ती हसली न्हाई, चिडली न्हाई. सरळ 'गयाबाई' लिहून कार्ड माझ्या गळ्यात घातलं. साहेबाच्या गळ्यात होतं तसंच. दोन दिवस मला कोणी 'तुमी इथं काहून' असं विचारलं न्हाई, त्या कार्डाचे उपकार.

भाषणं बरीचशी इंग्रजीत. लोक मान हलवत होते, म्हणून मीपण हलवली. जेवण उभ्यानं, ताट एका हातात. पनीर म्हणजे रबर. वरण मात्र झकास होतं, दोनदा घेतलं.

दुपारी वैशाली तोंड पाडून आली. तिला भाषणात सगळ्यांसमोर इंटरनेटची लाईन काढून पान चालू दाखवायचं होतं. परिषदेच्या मॅडम न्हाई म्हणल्या, कारण शेजारच्या हॉलमधलं भाषणही त्याच लाईनवर चालणार होतं. आता लाईन गेल्यावरची नुसती चित्रं दाखवायची, कारण आपल्याच लॅपटॉपची लाईन बंद केली तर लोक म्हणणार, आधीच जुळवून ठेवलंय. "आजी, चित्रावर साहेब विश्वास ठेवणार न्हाईत," म्हणली. मी म्हणलं, जेवून घे. दुसरं काय सांगणार?

दुसरा दिवस

वैशालीची पाळी अकराला. तिनं दहाला लेकराला पाजलं. कॉलेजच्या लॅबमधले भोयरभाऊ, पन्नाशीचा सडपातळ माणूस, त्यांनी आम्हाला स्टेजच्या मागची छोटी खोली उघडून दिली. स्वतः झाडून दिली. दार किलकिलं ठेवलं की स्टेज दिसायचं.

आता झोळीचं सांगते. आमच्यात रीत अशी की आढ्याला दोर टाकला की लेकरू घालायच्या आधी बांधणाऱ्यानं स्वतः लटकून बघायचं. म्हातारीचं वजन धरलं तर लेकराचं धरतंच. त्या खोलीत छताखालून लोखंडी पाइप गेला होता. स्टुलावर चढले, दोर टाकला, गाठ मारली, दोन्ही पाय उचलून लटकले. पाइप जागचा हलला न्हाई. पाइपावरून निळ्या वायरी गेल्या होत्या, कपाटावरच्या एका डब्यात शिरत होत्या, डब्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते. हे सगळं मी बघितलं. मनात आलं, विजेच्या असत्या तर झटका बसला असता. बसला न्हाई, म्हणजे बऱ्या. लुगड्याची झोळी केली आणि तनूला टाकलं.

तिकडं वैशाली उभी राहिली. आवाज आधी बारीक होता, मग सुधारला. शिदोरीचं सांगितलं तेव्हा लोक हसले, चांगलं हसले. साहेब पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले. मोंढ्याचं पान पडद्यावर आलं. तेवढ्यात इकडं तनू किंचाळायच्या बेतात आली. आवाज हॉलमध्ये गेला असता तर पोरीचं चित्त उडालं असतं, म्हणून मी झोळीला जोरात झोके द्यायला लागले. लेकरू निवलं.

आणि हॉलमध्ये गलका झाला. लाईन गेली.

दाराच्या फटीतून बघितलं तर वैशाली हातात माइक धरून थिजलेली. शेजारच्या हॉलमधूनही माणसं बाहेर येत होती. मी मनातल्या मनात म्हणलं, बोल पोरी, आता गप बसू नको. तिनं पडद्याकडं बघितलं, लोकांकडं बघितलं.

"लाईन गेली," ती म्हणली. "आमच्या हिंगोलीत अशीच जाते. बघा, पान अजून हाय."

तिनं हळदीचे भाव उघडून दाखवले. नवे भाव भरले. एका पोरीला स्टेजवर बोलावून तिच्याकडून भरून घेतले. पान म्हणायचं, घेतलं, लाईन आली की धाडतो. साहेबांच्या हाताची घडी सुटलेली मी पाहिली.

इतक्यात भोयरभाऊ वायरीच्या मागं मागं वर बघत आमच्या खोलीत आले. पाइपाकडं बघितलं, गाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आजी, हे काय करून राहिल्या जी?"

"झोळी हाय."

"झोळी दिसून राहिली मले. तुमी दोराखाली वायर दाबली. झोका गेला का वायर ओढते, डब्यातून निघते."

मी म्हणलं, "सोडा. लेकरू उठलं तर उठू द्या, सोडा आधी."

मी तनूला काखेत घेतलं, त्यांनी गाठ सोडून वायर डब्यात बसवली. हिरवे दिवे लागले. हॉलमध्ये पडद्यावर, वैशालीनं हात न लावता, थांबलेले भाव एकेक करून पुढं गेले. टाळ्या झाल्या, आणि त्याच घडीला तनूनं असा भोंगा लावला की टाळ्या मोठ्या का लेकरू मोठं, सांगता येईना.

मला वाटलं जिंकलो. पण खाली उतरल्यावर मॅडमनं वैशालीला गाठलं. काल न्हाई म्हणलं तरी लाईन काढायला लावलीस ना? शेजारच्या हॉलमध्ये पाहुणा दहा मिनिटं मुका उभा होता. वैशाली म्हणत होती, मी न्हाई काढली. पण काल तिनंच मागितलं होतं, आज बराबर तिच्याच वेळी गेली. कोण मानणार? साहेब बाजूला उभे, तोंडावरून काही समजत न्हाई. पोरीच्या डोळ्यात पाणी आलं.

मी एका काखेत लेकरू, एका हातात दोर घेऊन मधी घुसले. "लाईन मी तोडली," म्हणलं. "हिला काही माहीत न्हाई." आणि लटकून बघितल्यापासून सगळं सांगितलं. भोयरभाऊ मागून म्हणले, "खरं हाय मॅडम. गाठ म्या सोडली. सुटता सुटत नव्हती जी."

मॅडमचा राग उतरला, पण मी तेवढ्यावर सुटले न्हाई. शेजारच्या हॉलमधल्या पाहुण्याला शोधून माफी मागितली. हैदराबादचा माणूस होता, चहा पीत होता. तो म्हणला, "अम्मा, गलती आपकी नहीं. मेरा पेज बिना लाइन के मर गया, आपकी बच्ची का ज़िंदा रहा." आणि जाऊन वैशालीशी तासभर त्यावरच बोलत बसला.

साहेब शेवटी जवळ आले. मी म्हणलं, साहेब, चूक माझी, पोरीच्या नोकरीवर काढू नका. ते हसले. "आजी, तिनं ठरवून तोडली असती तर मी मानलं नसतं. ठरवून केलं की सगळंच चालतं. हिंगोलीत लाईन कोणाला विचारून जाते का?"

मग वैशालीला म्हणले, एक तारखेपासून घरून सुरू कर.

घरी

परतीला कनेरगाव नाक्यावर गाडी दोनच मिनिटं थांबली. मी खिडकीतून त्या ढाबेवालीकडं संत्र्यांची पिशवी दिली. नाव विचारायचं पुन्हा राहिलं.

वैशालीच्या सासूला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री बोलावून तिनं कॉम्प्युटरच्या खोलीत छताला लोखंडी कडी बसवून घेतली, वायरीपासून चांगली चार हात लांब. स्वतः खाली उभी राहून जागा दाखवली. हवेवरून मी तिला जे बोलले ते मागं घेते. अर्धं.

आता लाईन जाते, तरी वैशालीची बोटं चालू राहतात आणि तनू कडीखाली झोपते. गयाबाई लिहिलेलं कार्ड मी शिरडला खिळ्याला अडकवलंय. त्या दोन दिवसांत मला ज्यांनी ज्यांनी सांभाळून घेतलं, त्यातलं कोणी माझ्या ओळखीचं नव्हतं. एवढ्या लोकांचे उपकार ह्या वयात फेडणं जमायचं न्हाई, म्हणून लिहून ठेवले.

एक सवय मात्र लागली. गाठ मारली की मी अजून लटकून बघते. पण आधी वर बघते, तिथून कोणाचं काय गेलंय.