चिमटीतलं नाक

शेजारच्या बाळाला मालीश करताना मावशी तेलाच्या चिमटीत त्याचं नाक धरून वर ओढत होत्या. बाळ शिंकलं, नाक होतं तसंच राहिलं. माझंही असंच ओढलं होतं म्हणे, तरी ते बाबांसारखं नकटंच राहिलं. तेराव्या वर्षी मी ऑपरेशनचा हट्ट धरला, तेव्हा आई म्हणाली, "अगं, चेहरा अजून घडतोय तुझा. मोठी हो, मग तुझं तू ठरव." मोठी झाले आणि ठरवायचं विसरूनच गेले.

परवा एका लग्नात अनोळखी आजोबांनी मला थांबवलं. "तू आमच्या वसंताची ना?" बाबा जाऊन किती वर्षं झाली! बरं झालं बाई, आईनं तेव्हा माझं ऐकलं नाही.

मावशींनी पुन्हा बाळाचं नाक चिमटीत धरलं. मी म्हटलं, "राहू द्या हो. कुणाचं तरी असेल ते."