दोन बोटं कमी

आमच्या पार्टिशनच्या धंद्यात किस्से भुश्शासारखे जमतात. रोज झाडले तरी कोपऱ्यात उरतातच. त्यातले निम्मे सलीमभाईचे. सलीमभाई म्हणजे आमचा मिस्त्री, माझा भागीदार आणि अख्ख्या अकोल्यातला सगळ्यात हट्टी माणूस.

*

पहिलं मोठं काम नांदगाव खंडेश्वरला. हॉलचं पीओपी सीलिंग आधीच तयार, त्याखाली भिंत घालायची. सलीमभाईनं फरशीपासून सीलिंगपर्यंत माप घेतलं आणि बरोब्बर तेवढी लाकडी फ्रेम जमिनीवरच ठोकली. उभी करायला गेलो, तर वरचा कोपरा अर्ध्यातच सीलिंगला अडला! आडवी फ्रेम उभी होताना जास्त जागा मागते, हे तिथं कळलं. घरमालक चहा पीत शांतपणे बघत होते.

"काहून मिस्त्री, भिंत निजूनच राहणार हाय का?"

तेव्हापासून नियम झाला. फ्रेम दोन बोटं कमी कापायची, उभी करायची, पाचर मारून घट्ट करायची आणि वरची फट पट्टीनं झाकायची.

*

हे 'दोन बोटं कमी' सलीमभाईच्या तोंडात इतकं बसलं की ईदच्या कुर्त्याचं माप देतानाही तो टेलरला तेच सांगून आला. टेलर इमानदार. त्यानं लांबी कमी केली, बाह्या कमी केल्या आणि पोटाचा घेरही! शिरखुर्मा खायला गेलो तर हा श्वास रोखून बसलेला. भाभी मला म्हणाल्या, "भाऊ, यायले आता पट्टी लावून द्या."

*

अमरावतीला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंत उभी झाली, पट्टी दुसऱ्या दिवशी लागायची होती. पण डॉक्टरांनी लगेच पेशंट घेतले. आत एका काकांना विचारलं, दारू सोडली का? काका म्हणाले, कधीचीच.

बाहेर बाकावरून काकूंचा आवाज आला, "खोटं बोलून राहिले!"

*

बाळापूरच्या दोन भावांचं काम मात्र मला जड गेलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून अबोला धरलेला, आता हॉलच्या मधोमध भिंत हवी होती. भिंतीपलीकडचा आवाजही यायला नको, असं दोघांनी वेगवेगळं बजावलं. वडिलांनी हौसेनं केलेल्या सीलिंगला ओरखडा नको, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. पट्टी बसली की हे घर कायमचं तुटणार, असं वाटत होतं.

भिंत उभी राहिली. सलीमभाई पट्टी घेऊन शिडीवर चढला. अलीकडे थोरले टीव्हीवर मॅच बघत होते. धाकट्यांच्या बाजूला अजून टीव्ही लागला नव्हता.

"गेला!" थोरले स्वतःशीच म्हणाले.

वरच्या फटीतून आवाज आला, "कोन गेला, दादा?"

थोरल्यांनी मान वर करून फटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आपला ओपनर."

सलीमभाई शिडीवरून उतरला. पट्टी त्यानं थोरल्यांच्या समोरच जमिनीवर ठेवली. चांगली भिंतीएवढी लांब होती.

"पट्टी कमी पडली, भाऊ," तो म्हणाला.

थोरल्यांनी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिली.

"हाव," ते म्हणाले, "दोन बोटं कमीच हाय." आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.