उलटी फिरलेली पवनचक्की

माझी शाळा चौथीत सुटली. पण पंख्याच्या बाबतीत मला चार गोष्टी शिकवील असा माणूस तारापूरच्या कारखान्यांत मला भेटला नाही, हे मी आजही म्हणतो. तीस वर्षं मी धूर बाहेर टाकणारे मोठे पंखे बसवले. आमच्यात उलटा फिरणारा पंखा म्हणजे पाप. धूर आतच कोंडतो आणि खोकणारी माणसं फिटरच्या आईबापाचा उद्धार करतात. म्हणून बटण दाबलं की आधी फिरायची दिशा बघायची, ही सवय डोळ्यांत बसलेली.

आता सरावलीत मुलीकडे असतो. नात सहावीत आहे. शाळेतल्या बाईंनी चार-चार मुलांत मिळून एक खोका दिला होता, पवनचक्की जोडायच्या सामानाचा. प्लॅस्टिकची सहा पाती, खेळण्यातल्या गाडीत असते तेवढीशी मोटर, दोन वायरी आणि मुगाच्या दाण्याएवढा दिवा. वाऱ्यानं चाक फिरलं की दिवा लागायचा. शनिवारी पालकांसमोर ते चालवून समजावून सांगायचं काम बाईंनी आमच्या नातीला दिलं. वर्गात तोंड न उघडणारी पोर ती. आठवडाभर आरशासमोर उभी राहून बोलत होती.

गुरुवारी दुपारी समुद्राकडून वारा सुटला तशी तिनं जोडलेली चक्की गच्चीवर ठेवली. चाक फिरलं, दिवा लागला. आईला तिनं हाताला धरून वर ओढत आणलं. मग ती शिकवणीला गेली आणि चक्कीपाशी मी एकटा राहिलो.

चाक उलटं फिरत होतं. आमच्या पंख्यांवर बाण रंगवलेला असायचा, त्याच्या बरोबर विरुद्ध. खोक्यात पुस्तक होतं. पण मला वाचायला वेळ लागतो, आणि खरं सांगायचं तर एवढ्याशा पंख्यासाठी पुस्तक उघडणं मला कमीपणाचं वाटलं. मी सहाही पाती खुंटीवर फिरवून दुसऱ्या बाजूला तिरकी केली. चाक मला हवं तसं फिरायला लागलं. दिव्याकडे बघायचं मनातच आलं नाही. पंखेवाला पंखाच बघतो.

शुक्रवारी ती शाळेतून आली नि थेट गच्चीवर गेली.

"चाक फिरतंय, पण दिवा लागत नाय!"

"माल कच्चा असंल," मी म्हणालो. "आजकाल सगळं कच्चंच."

किती सहज आलं ते तोंडातून! तिनं वायरी ओढून बघितल्या, दिव्यावर फुंकर मारली. मग एकेक वस्तू खोक्यात भरायला लागली.

"काय करतेस?"

"बाईंना परत देते. त्या दुसऱ्या गटाला बोलायला सांगतील."

"आणि तू?"

"मी टाळ्या वाजवीन."

मी खाली गेलो. पाणी प्यालो. चूक कबूल केल्याचं मला आठवत नाही. सुपरवायझरपुढे नाही, बायकोपुढे तर नाहीच. पुन्हा वर आलो तेव्हा ती खोक्याला दोरी बांधत होती.

"थांब. काल पाती मी फिरवली."

"का?"

"उलटं फिरत होतं."

"कोण म्हणालं उलटं?"

"मी म्हणालो."

"आजोबा! हा पंखा वारा देत नाय, वाराच याला फिरवतो. याला कसलं आलंय उलटं नि सुलटं?"

तिनं पुस्तक काढलं आणि ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. हा दिवा वीज एकाच बाजूनं घेतो. चाक उलट फिरलं की मोटरमधून वीजही उलट येते.

ती पाती पूर्वीसारखी करायला निघाली तसा मी म्हणालो, "पाती राहू दे. वायरींची अदलाबदल कर." मोटर उलटी फिरली तर दोन वायरी बदलायच्या, एवढ्या एका गोष्टीवर माझी नोकरी निभावली होती. ती आठवायला मला एवढा वेळ लागला.

तिनं वायरी बदलल्या. दिवा लागला.

"बघ," मी म्हणालो.

"बघ म्हणे! आधी बिघडवायचं नि मग बघ!" पण हसली.

शनिवारी शाळेच्या पटांगणात चक्क्या ओळीनं मांडल्या होत्या. सगळ्या एकीकडे फिरत होत्या, आमची दुसरीकडे. बाई थांबल्या. "हे उलटं कसं गं?"

नातीनं माझ्याकडे बघितलं. "आजोबांनी मुद्दाम करून दाखवलं."

माना माझ्याकडे वळल्या. कोणीतरी वा म्हणालं. क्षणभर छाती फुगली माझी, खोटं का सांगू? पण ती बाईंकडे न बघता जमिनीकडे बघत होती. मी पोरांच्या बाकावरून गुडघे धरून उठलो.

"मुद्दाम नाय बाई. मी चुकलो. पोरीनं शोधून काढलं. तिलाच सांगू द्या."

पहिली दोन वाक्यं तिचा आवाज कापला. मग मात्र तिनं सगळं सांगितलं, माझ्या कारखान्यातल्या बाणासकट. आरशासमोर पाठ केलेलं त्यात काहीच नव्हतं. बोलणं संपायच्या आत पोरांनी आपापली पाती उलटी करायला घेतली. दिवे विझले की पोरं आनंदानं किंचाळायची. बाई "हळू, हळू" म्हणत फिरत होत्या.

एक चिमुरडी माझ्यापाशी आली. "आजोबा, कुठल्या वायरी बदलायच्या?"

"तिला विचार," मी म्हणालो.