चंद्रीच्या जागी किती सीसी?

हरियाणातल्या मानेसरच्या त्या शोरूममध्ये संपतराव काटकर मुलाच्या मागून, काठी टेकत शिरले, आणि समोरची रांग पाहून त्यांचा चेहरा लग्नात व्याही पिऊन आलेला दिसल्यावर व्हावा तसा झाला. मोटारसायकलचं हँडल, ट्रॅक्टरची चाकं आणि बेडकाचे डोळे, असं एकेकाचं रूप. रस्ता संपतो तिथून पुढे चालणारी गाडी म्हणजे एटीव्ही. लाल, पिवळ्या, वाघासारख्या पट्ट्यांच्या, सगळ्या दिव्यांच्या झोतात उभ्या होत्या. नायकाचं काम मिळेल म्हणून तोंड रंगवून बसलेल्या उमेदवारांसारख्या.

"ह्यांनीच का आमची कंपनी खाल्ली?" संपतरावांनी विचारलं.

"बाबा, प्लीज," यशराज हळूच म्हणाला. "आत्ता सुरू नका होऊ."

पण संपतराव महिनाभर सुरूच होते. साताऱ्याकडचा हा माणूस चोवीस वर्षं लष्करात होता, आणि ती सगळी खेचरांच्या कंपनीत, म्हणजे तुकडीत. जिथं ट्रक थांबायचा तिथून संपतराव निघायचे. खेचराच्या पाठीवर रॉकेल, पीठ, दारूगोळा, आणि लगाम हातात धरून हा पुढे. त्यातलं ४१८ नंबरचं खेचर म्हणजे चंद्री. नंबर खुरावर डागलेला. चंद्री हे नाव यांनी ठेवलेलं. सरकारी कागदावर नंबर होता, पण हाक मारल्यावर कान हलायचे ते नावाला. पुढे खेचरांच्या तुकड्या कमी होत गेल्या आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या जागी ही चारचाकी बेडकं आली. निवृत्त संपतरावांनी ती बातमी मोबाइलवर वाचली आणि मोबाइल उशीखाली सारला.

आणि आता त्यांनाच असलं एक विकत घ्यायचं होतं. गुडघ्यापुढे इलाज नव्हता.

मानेसरच्या पलीकडे, अरवलीच्या पायथ्याच्या एका गावाच्या शिवारात त्यांची थोडीशी जमीन होती. निवृत्तीनंतर घेतलेली, वीज नसलेली, बोअर न लागलेली. लोकांनी वेड्यात काढलं. संपतरावांनी तिथं कडुनिंब, शिसम आणि बोरीची एकशे साठ रोपं लावली आणि नऊ वर्षं गावातल्या नळावरून पाणी वाहून वाढवली. गाव आणि जमीन यांच्या मधे वाळूचा एक ओढा आणि एक टेकाड. ते अलीकडून चढायचं आणि पलीकडे तीव्र दगडी उतार उतरायचा. टँकर तिथं जात नाही. संपतराव खांद्यावर कावड घेऊन जायचे. यंदा हिवाळा लागताच गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी ओझं आणि चढउतार दोन्ही बंद केले, आणि यशराजला लगेच एक गिऱ्हाईक भेटलं. त्याला ती जागा भाड्यानं हवी होती, लग्नाच्या पार्ट्यांसाठी. रस्ता तो करणार, लॉन तो करणार. झाडं?

"झाडं थोडी कमी करावी लागतील," यशराज म्हणाला होता. हा मुलगा मानेसरलाच गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी विभागात साहेब. वाईट नव्हता, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीचा एक्सेल तक्ता करायची खोड होती.

त्या दिवशी घरात जी खडाजंगी झाली तिचा शेवट एका करारात झाला. संपतरावांनी एटीव्ही घ्यायची. त्यांनी स्वतः, पाण्याचे भरलेले कॅन लादून, टेकाडाच्या पलीकडे उतरून दाखवायचं. उतरले तर जमीन त्यांची, कुणी ब्र काढायचा नाही. नाही उतरले तर लॉन.

म्हणून ही शोरूम.

सेल्समन जयदीप हा रेवाडीकडचा गडी, गोड बोलणारा. त्यानं यशराजचे बूट पाहिले आणि थेट सातशे सीसीच्या गाडीकडे नेलं. "सर, ये देखिए. फोर बाय फोर. फार्महाउसवाले सब यही ले रहे हैं. ये खड़ी हो तो लोग रुक के पूछते हैं."

"काय पूछते हैं?" संपतराव म्हणाले. "कि बाप का है या लोन का?"

जयदीप हसला. यशराज हसला नाही. त्याच्या तक्त्यात सातशेला सगळ्या रकान्यांत हिरवा रंग होता. "बाबा, घ्यायची तर एकदाच नीट घ्यायची. उद्या कमी पडायला नको. आणि माझ्या ऑफिसमध्ये तिघांकडे आहे. साडेपाचशेच्या खाली कुणी घेतच नाही."

"तिघांनी आजवर काय वाहिलंय तिच्यावर?"

"वीकेंडला जातात. रील बनवतात."

"म्हणजे स्वतःलाच वाहतात." संपतरावांनी काठीच्या टोकानं सातशेचं भलंमोठं चाक दाबून पाहिलं. "तोफखान्याकडे मोठी खेचरं असायची, यशराज. धिप्पाड. तोफेचे भाग वाहायला. आम्ही लहान खेचरंवाले. त्यांच्या हवालदारांच्या मिशा आमच्यापेक्षा लांब असायच्या. पण बर्फात रेशन पोचवायचं असलं की हाक आम्हाला. लहान जनावर पाय कुठं ठेवायचा ते बघतं. मोठ्याला वाटतं, जग आपल्याला जागा देईल."

आणि ते सरळ कोपऱ्यातल्या सगळ्यात लहान गाडीकडे गेले. सव्वाशे सीसी. पिवळी, गुडघ्याएवढी. "ये दिखाओ."

"अंकल जी, वो तो..." जयदीप अडखळला. "वो बच्चों के लिए है. हद से हद एक दुबला आदमी."

"लिखा किसने है? खेचराचीही पुस्तकं होती आमच्याकडे. पुस्तकात चंद्री सत्तर किलो वाहायची. वाहायची ती शंभर."

प्रभावतीबाई, संपतरावांच्या पत्नी, इतका वेळ खुर्चीवर बसून हे पाहत होत्या. बेळगावपासून बारामुल्लापर्यंत अकरा क्वार्टर्स लावलेली आणि मोडलेली बाई. त्यांनाही लहानच हवी होती, पण कारण वेगळं होतं. "लहान घ्या. पडलात तर निदान उंचावरून पडणार नाही."

अशा रीतीनं नवरा-बायकोचं चाळीस वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं. यशराजनं कपाळाला हात लावला.

बाहेर पडताना संपतरावांना शोरूमच्या मागचं आवार दिसलं. तिथं मातीनं माखलेली एक करडी गाडी टायरांचा ढीग ओढत चालली होती. पट्टे नाहीत, एक डोळा फुटलेला. "आणि हे कोण?"

"वो? वो बिकाऊ नहीं, अंकल. तीन सौ सीसी. अपने यार्ड का काम करती है. बच्चे लेते नहीं, शौक़ीन लोग तो देखते भी नहीं."

संपतरावांनीही दुसऱ्यांदा पाहिलं नाही. त्यांना तेव्हा फक्त सातशेचा अपमान करायचा होता, आणि त्यासाठी सव्वाशेहून योग्य काही नव्हतं.

रविवारी सकाळी जयदीप टेंपोतून गाड्या घेऊन गावात आला. लाल सातशे, पिवळी सव्वाशे, आणि वर दोरखंड टाकून ती करडी तीनशेही.

"ही कशाला?" यशराजनं विचारलं.

"सर, रेत है ना आगे," जयदीप नम्रपणे म्हणाला. विक्रेत्याला काही गोष्टी गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलता येत नाहीत.

यशराजनं हेल्मेट घातलं, गॉगल लावला, मोबाइल हँडलला अडकवला आणि वडिलांना आधी नमुना दाखवायचा म्हणून सातशेवर बसला. सुरुवात झकास झाली. गावातली म्हातारी मंडळी हुक्का सोडून उठून उभी राहिली. आवाज असा की वरातीतला बँड लाजावा. यशराज ओढ्यात शिरला, वाळूत जरा अडखळला, आणि अडखळल्यावर ज्याला जोर असतो तो जे करतो तेच त्यानं केलं: अंगठ्याखालचा गॅस पूर्ण दाबला. चाकं जागच्या जागी गरगरली, वाळूचा फवारा उडाला, आणि ती लाल राणी पोटापर्यंत खाली बसली.

"चारों पहिये का बटन, सर!" जयदीप ओरडला. "पहले बटन!"

आता बटन दाबून काय उपयोग? पोट टेकलं होतं. मग करडी तीनशे दोरखंड घेऊन खाली उतरली. चौघा गावकऱ्यांनी मागून रेटलं आणि तिनं गुरगुरत, एकेक वीत करत सातशेला बाहेर ओढलं. हुक्कावाले टाळ्या वाजवत होते. यशराजच्या गॉगलच्या आत वाळू होती.

संपतरावांना हसू आवरेना, पण त्यांनी न्याय सोडला नाही. "गाडीचा दोष नाही. बसणाऱ्याचा आहे," ते म्हणाले. "पण मी मंगळवारी दुपारी इथं एकटाच असणार. तेव्हा हे साडेतीनशे किलोचं धूड फसलं तर रेटायला काय तुझ्या ऑफिसातले तिघं येणार?"

आता त्यांची पाळी. प्रभावतीबाईंनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली असा घट्ट आवळला की बोलणंच बंद व्हावं. सव्वाशेच्या मागच्या जाळीवर वीस-वीस लिटरचे चार कॅन बांधले. जयदीप म्हणत होता, "अंकल, इतना लोड नहीं," आणि संपतराव गाठी मारत होते. गाठी मात्र अस्सल. अशा की ओझं जनावराच्या अंगाचाच भाग व्हावं.

ओढा पार झाला. चढ कण्हत का होईना चढला. वर, टेकाडाच्या माथ्यावर, संपतराव क्षणभर थांबले. खाली त्यांची झाडं. फेब्रुवारीतली पिवळी पडलेली कडुनिंबं, पाण्याची वाट बघणारी. मागून यशराज, प्रभावतीबाई, करड्या तीनशेवर बसून जयदीप आणि अर्धं गाव चढून आलं होतं. प्रेक्षक जमले होते. असा प्रवेश आयुष्यात एकदाच मिळतो.

त्यांनी गाडी उतारावर घातली आणि गॅस सोडला. गॅस सोडताच इंजिनानं हात झटकले. काही धरेना. ऐंशी लिटर पाणी मागून ढकलू लागलं, पुढचं चाक दगडावर हलकं झालं, ब्रेक दाबले तर मागचा भाग बाजूला सरकू लागला. कसंबसं एका खडकाला चाक टेकवून त्यांनी ती थांबवली. अजून तीन-चार हात उतार पुढे होता. दात-ओठ खाऊन सोडून दिली असती तर कदाचित उतरलीही असती. कदाचित.

आणि त्या क्षणी त्यांना चंद्री आठवली. एकदा बर्फात, कड्याच्या वाटेवर, ती थांबली होती. संपतराव तेव्हा पंचविशीचे, मागून सुभेदार शिव्या घालत होता. त्यांनी तिला ओढलं, मारलं. मारलं हे त्यांनी पुढे कुणालाच सांगितलं नाही. ती हलली नाही. मग समोरचा बर्फ खाली गेला आणि त्याखाली वाटच नव्हती.

संपतरावांनी इंजिन बंद केलं. डोंगराच्या बाजूनं पाय टाकून उतरले आणि उभे राहिले.

"काय झालं बाबा?" यशराज वरून ओरडला. "घाबरलात?"

"हो."

हे उत्तर कुणालाच अपेक्षित नव्हतं. महिनाभर ज्या माणसानं लहान गाडीची पालखी मिरवली, तो सगळ्या गावासमोर म्हणाला, "ही उतरायची नाही. ओझं हिलाच ढकलतंय. मी चुकलो. लहान जनावर आणि अशक्त जनावर यांत फरक असतो, हे मला कळायला हवं होतं. तुझा तोरा बघून माझं डोकं फिरलं."

"म्हणजे मग..." यशराज सुरू झाला. करार सगळ्यांच्या लक्षात होता.

"तू गप," प्रभावतीबाई म्हणाल्या. "उतरणार नाहीत असं कुठं ठरलंय अजून? एका गाडीवरून उतरलेत. संध्याकाळ झाली का?"

संपतराव वर चढून आले, हळूहळू, काठीवर भार देत. ते करड्या तीनशेपाशी जाऊन थांबले. मागची जाळी पाहिली. ओझ्यानं घासून रंग गेला होता. पुढची चाकं हातानं चाचपली. कामाच्या खेचराच्या पाठीवर जिथं केस जातात, तिथंच हिचा रंग गेला होता. "जयदीप, इसमें नीचे का गियर है?"

"है, अंकल. एल. इसमें डालो तो ढलान पे इंजन पकड़ के रखता है. पर अंकल, ये पुरानी है, डेंट है..."

"डेंट मुझमें भी है. सामान चढ़ाओ."

गावकऱ्यांनी सव्वाशे आणि कॅन वर ओढून आणले. चार कॅन पुन्हा बांधले. गियर खाली. संपतराव उतारावर शिरले आणि गाडी एकेक दगड बघत निघाली, चालत्या माणसापेक्षाही सावकाश. मागचा भार ढकलत होता आणि इंजिन घशातून कुरकुरत त्याला धरून ठेवत होतं. हुक्केवाल्यांपैकी एकजण हळूच म्हणाला, "ये तो बैल की चाल है." खाली पोचून त्यांनी इंजिन बंद केलं, पहिल्या कडुनिंबाच्या आळ्यात अर्धा कॅन ओतला आणि मगच वर पाहिलं.

टाळ्या वाजल्या. यशराजनं वाजवल्या नाहीत. तो उतार चालत उतरला, दुसरा कॅन उचलला आणि पुढच्या झाडाला घातला. शिसमाला घातला, बोरीला हवा होता, पण तो साहेब माणूस, त्याला एवढं कुठलं कळायला. संपतरावांनी बोरीला आपल्या हातानं घातलं.

जयदीपनं तस्सीच नवी तीनशे मागवतो म्हणून खूप सांगितलं. संपतरावांनी ऐकलं नाही. कामावरचं जनावर बघून घेतात, पेटीतलं नाही. शेवटी शोरूमच्या मालकानंच यार्डातली ती करडी त्यांना दिली आणि स्वतःसाठी नवी आणली. यशराजनं सातशेवर बसलेला स्वतःचा फोटो मात्र टाकलाच, वाळूच्या आधीचा.

पंधरा दिवसांनी प्रभावतीबाई डबा घेऊन जमिनीवर गेल्या. संपतराव झाडाखाली बसून पांढऱ्या रंगात बुडवलेली काडी पुढच्या डाव्या चाकावर फिरवत होते. चार, एक, आठ.

बाईंनी डबा खाली ठेवला, पदरानं मान पुसली आणि चाकाकडे पाहिलं.

"आता हिला चंद्रीसारखे हरभरेही भिजत घालू का उद्यापासून?"

"घाल," संपतराव म्हणाले. "तिनं नाही खाल्ले तर मी खाईन."